मोंगो

चिखलीच्या गोदीत जहाज तेवीस दिवस अडकलं,
पंख्याचं एक पातं वाकलं म्हणून.
बाकीचे खलाशी वास्कोच्या बारमध्ये. आचारी मात्र
रोज सकाळी आमच्या ऑफिसच्या पायरीवर,
विचारायचा, मासळीबाजार उघडला का?

नाव एल्पिदियो. गाव समार बेटावर,
जिथं वादळांना, म्हणाला, माणसांसारखी नावं असतात.
मी शिपिंग एजंटकडे कारकून. पासची मुदत वाढवायची,
सिमकार्ड, दातदुखीला डॉक्टर, एवढं माझं काम.
आचाऱ्याला हिंडवणं कुठल्याच फॉर्मवर नव्हतं.

खारीवाड्यावर त्यानं बांगड्याचे कल्ले उचलून पाहिले,
वास घेतला, तोंड वाकडं करून निघून गेला,
चार पावलांवर थांबला, भाव उतरायची वाट बघत.
रुझारिना टोपलीमागून म्हणाली, "हो आमचोच."

पिएदादबाईच्या परसात बिंबलाचं झाड दिसलं
तेव्हा तो गप्प झाला.
खोडालाच लटकलेली हिरवी बोटं.
एक तोडून मिठाशिवाय चावलं, एक डोळा मिटून.
"कामियास," तो म्हणाला.
"बिंबलां," ती म्हणाली.
थोडा वेळ दोघं त्या झाडाला दोन्ही नावांनी हाका मारत राहिली.

मग सुरू झालं: तुम्ही कधी आमच्याकडे आलात तर.
सिनिगांग प्या, याच आंबटाचं, कोळंबी घातलेलं,
कानामागे घाम येईपर्यंत.
आदोबो तिसऱ्या दिवसाचं मागा; पहिल्या दिवशी
विनेगर अजून मांसाशी भांडत असतं.
दिनुगुआन ताटात आलं की काळं का, ते विचारू नका.
"सारपातेल!" पिएदादबाई हसली. "आमीय विचारिनांव."

बिबिंका म्हटल्यावर तर ती उठलीच,
फ्रिजमधून सात पापुद्र्यांचं बेबिंक घेऊन आली.
हे नव्हे, तो म्हणाला. आमचं केळीच्या पानावर,
खालून निखारे, वरून निखारे, पहाटेच्या मिसानंतर.
वरून निखारे आमचेही, ती म्हणाली.
कुणाचं जहाज होतं कुणास ठाऊक.
शब्द तेवढा धक्क्यावर उतरला,
कृती समुद्रात पडली.

सोमवारी तो तिच्या स्वयंपाकघरात उभा,
डुकराचं मांस, मिरी, तमालपत्र, माडाचं विनेगर.
मी म्हटलं, आज सोमवार. मी मयेची,
आमच्याकडे सोमवारी नुस्तंसुद्धा नाही.
देव कुठला, हे त्यानं विचारलं नाही.
म्हणाला, आमचा शुक्रवार.
शुक्रवारी मोंगो.

म्हणजे मूग. मऊ शिजवून घोटलेले, आलं, टोमॅटो,
गॅस बंद केल्यावर शेवग्याचा कोवळा पाला.
लसूण चालते ना? चालते, म्हटलं. चालत नव्हती.
सुक्या सुंगटांची मूठ त्यानं पातेल्यावर धरली,
माझ्याकडे पाहिलं, परत बरणीत सोडली.
चव घेऊन मान हलवली: लंगडं झालंय.
मी तीन वाट्या खाल्ले.
आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, त्यात काय,
मुगांचीच गाठी ना? नारळ विसरला असेल.

जाताना एका रद्द फॉर्मच्या पाठीवर यादी देऊन गेला,
कुठलं बंदर, कुठला ठेला, किती वाजता.
शेवटची ओळ खोडून पुन्हा लिहिलेली:
सकाळचा लसूणभात, माझ्या बायकोच्या हातचा.
हॉटेलात मिळत नाही. सांगा, मी जाड झालोय.
खाली पत्ता. चर्चच्या मागे, निळं दार.

दिवसभर लोकांचे पासपोर्ट माझ्या हातात असतात.
माझा अजून काढायचाय.

परवा हवामानाच्या पत्रकात समारजवळ
एका बाईचं नाव आलं, वेगासकट.
मी पिएदादबाईला फोन केला. तिनं ऐकून घेतलं,
मग म्हणाली, बिंबलां मिठात घातलीत,
येऊन बरणी घेऊन जा.